तयार लोखंडी खुराडं : सांगाडा चांगला, जाळी आणि दार मात्र बदलाच

कोल्हापूरकडच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढं आणि हायवेच्या कडेला रंगवून उभी केलेली लोखंडी खुराडी हल्ली नेहमी दिसतात. त्यातला नेहमीचा नग म्हणजे सहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच पेटी आणि खाली दीड फुटाचे पाय. सांगाडा चौकोनी पाईपचा, वर पन्हळी पत्रा, मागं पत्र्याची भिंत, तीन बाजूंना षटकोनी जाळी, पुढं दार आणि बाजूला अंडी काढायची खिडकी. विकणारा दोन गोष्टी ठासून सांगतो : वीस कोंबड्या आरामात मावतात, आणि कोल्हा-मुंगूस आत शिरत नाही. हे परीक्षण या नगाचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही. ठेवण थोड्याफार फरकानं सगळीकडं तीच असते.

घ्यावं का? घ्यावं, पण सांगाडा म्हणून घ्यावं. जाळी आणि दाराची कडी बदलल्याशिवाय त्यात एक रात्रही कोंबडी ठेवू नये. सांगाड्याला पाचपैकी चार गुण, छपराला अडीच, दाराला दोन आणि जाळीला एक. तो एक गुणही कोंबडी बाहेर जात नाही एवढ्यासाठीच, कारण ही जाळी तेवढ्याच कामाची असते. बाहेरून जोर लावणाऱ्या जनावरासाठी ती बनलेलीच नाही.

जाळी

षटकोनी जाळीची तार साधारण २० ते २२ गेजची, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. बरीच गिऱ्हाइकं हे उलटं समजतात आणि २२ गेज ऐकून खूश होतात. दुकानातच तपासून बघा. जाळीच्या एका घरात दोन्ही अंगठे घालून बाहेरच्या बाजूला ताणा. तारेचा पीळ सैल पडतो, घर लांबट होतं आणि जरा जोर वाढवला की शेजारचं घरही वाकडं होतं. भटकं कुत्रं दातात धरून हिसका देतं किंवा कोल्हा नखं अडकवून मागं खेचतो, तेव्हा हेच घडतं. जाळी पाईपला जिथं बाइंडिंगच्या तारेनं बांधलेली असते ती कड आधी सुटते आणि मग अख्खा कोपरा उघडा पडतो. कोंबड्यांच्या विष्ठेतल्या अमोनियानं खालची हातभर जाळी लवकर गंजते, म्हणजे जनावराचं तोंड जिथं पोचतं नेमकी तिथंच ती सर्वांत कमजोर होते.

तिच्या जागी वेल्डमेश, म्हणजे आडव्या-उभ्या तारा सांध्यावर वेल्ड केलेली चौकोनी घरांची जाळी लावून घ्या. खालच्या दोन फुटांना अर्धा इंच बाय अर्धा इंच घराची, १८ गेज किंवा त्याहून जाड. वरच्या दोन फुटांना एक इंच बाय एक इंच, १६ गेज चालते. खाली बारीक घर कशासाठी? उंदीर आणि लहान साप मोठ्या घरातून सहज जातात, आणि रानमांजराचा पंजाही. पंजा आत गेला की कोंबडी बाहेर ओढायची गरज पडत नाही, जाळीला टेकून बसलेली कोंबडी तिथल्या तिथं फाडली जाते.

चारही बाजू मिळून ८० चौरस फूट होतात. मागची पत्र्याची भिंत तशीच ठेवली तर ५६. कापण्यात वाया जाणारी धरून ६० चौरस फूट जाळी मागवा. घेताना सांध्यांकडं बारकाईनं बघा. जाळी वेल्ड करून मग जस्ताच्या हौदात बुडवलेली असेल तर प्रत्येक सांध्यावर जस्ताचा जाडसर थर चढलेला दिसतो. आधीच जस्त चढवलेल्या तारा नंतर वेल्ड केल्या असतील तर सांध्यावर काळपट ठिपका असतो, आणि पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो.

जाळी पाईपच्या बाहेरच्या अंगाला लावायची. आतून लावली तर बाहेरून धडक बसल्यावर सगळा भार बांधणीवर येतो. बाहेरून लावली तर पाईप तो भार घेतो. वरून २० बाय ३ मि.मी.ची लोखंडी पट्टी ठेवून दर सहा इंचांवर स्क्रू-वॉशर मारा. नुसत्या बाइंडिंग तारेवर भागवू नका. टाके मारून वेल्ड करून घेणार असाल तर टाक्याच्या जागी जस्त जळतं, तिथं त्याच दिवशी रेडऑक्साइड आणि रंग लावून घ्या.

दार

दार दोन फूट रुंद, बिजागऱ्या दोन आणि त्याही पातळ पत्र्याच्या. काही महिन्यांत दार कडीच्या बाजूनं खाली लोंबतं आणि वरच्या कोपऱ्यात बोटभर ते दीड इंच फट पडते. मुंगसाचं डोकं जिथून गेलं तिथून अंग जातंच. अशा फटी शोधायला खिशातलं दहा रुपयांचं नाणं पुरतं. त्याचा व्यास २७ मि.मी. असतो. नाणं उभी कड पुढं करून न सरकवता सपाट धरून, अख्ख्या गोलासकट फटीतून पार जातंय का बघा. जात असेल तर ती फट आजच बुजवायची. दार, खिडकी, छपराची कड, पायांजवळचे कोपरे, सगळीकडं हे नाणं फिरवा.

बिजागऱ्या तीन आणि जाड घ्या. दाराच्या आत चारही बाजूंना एक इंच पट्टीचा ओठ वेल्ड करून घ्या, म्हणजे दार थोडं लोंबलं तरी फट झाकलेली राहते. नगाला येणारी सरकती कडी एकटी पुरत नाही. कुत्र्यानं दारावर उड्या मारल्या की धक्क्यानं ती हळूहळू मागं सरकते. कडी-कोयंडा लावा आणि त्यात स्प्रिंगचा हूक किंवा छोटं कुलूप अडकवा. अंडी काढायच्या खिडकीला तर बरेचदा नुसती वाकडी तार असते. दार मजबूत करून खिडकी तशीच सोडणं ही फार नेहमी दिसणारी चूक आहे.

बाजारात प्रकाशावर चालणारी आपोआप बंद होणारी दारंही मिळतात. कल्पना चांगली, पण जुलै-ऑगस्टच्या गच्च आभाळात ती लवकर बंद होऊन कोंबड्या बाहेर राहण्याचा धोका असतो. घेतलंच तर वेळेवर चालणारं घ्या आणि ऋतूप्रमाणं वेळ बदला. कोल्हापुरात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे-जूनमध्ये सातच्या सुमारास. हाताचं दार असो वा आपोआप चालणारं, मोजणी करूनच बंद करायचं. एक तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) बाहेर झाडावर राहिली तरी तिच्या मागं आलेलं जनावर दुसऱ्या दिवशी खुराड्यापाशी येतं.

छप्पर

पन्हळी पत्रा सरळ पाईपवर ठेवला की प्रत्येक पन्हळीखाली पाऊण इंच उंचीची कमान उघडी राहते. उंदीर आणि साप याच वाटेनं येतात. वेल्डमेशची चार इंच रुंद पट्टी काटकोनात दुमडून या कमानींवर आतून बसवा. फोमचे तुकडे कोंबू नका, कोंबड्या ते टोचून खातात. पत्रा चार कोपऱ्यांतच अडकवलेला असेल तर वळवाच्या वाऱ्यात मधली कड उचलली जाते. दर एका फुटावर वॉशरसह स्क्रू हवा. पत्रा पेटीच्या बाहेर निदान एक फूट यायला हवा, नाहीतर तिरप्या पावसात आत चिखल होतो.

एप्रिल-मेमध्ये पत्रा फार तापतो. वर उसाचं पाचट टाकायची आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे, पण थर चार इंचांपेक्षा जाड नको आणि पावसाच्या आधी सगळं काढून टाका. भिजलेल्या पाचटात उंदीर घर करतात आणि उंदरांमागं साप येतो.

वीस कोंबड्यांचा दावा

गावरान कोंबडीला रात्रीच्या मुक्कामाला दीड ते दोन चौरस फूट जागा लागते. पेटीचा तळ २४ चौरस फूट. म्हणजे बारा ते सोळा कोंबड्या, आणि इथल्या उन्हाळ्यात बाराच धरा. गिरिराज, वनराज यांसारख्या अंगानं जड जातींना दोन चौरस फुटांपेक्षा कमी नको. वीस कोंबल्या की कडेच्या कोंबड्या जाळीला चिकटून बसतात, आणि शिकारी जनावराला तेच हवं असतं.

नगासोबत बसायच्या दांड्या बहुधा येत नाहीत. दोन इंच रुंद लाकडी पट्ट्या, कडा घासून गोल केलेल्या, तळापासून दीड फुटावर बसवा. प्रत्येक कोंबडीला आठ इंच धरले तर सहा फुटांच्या दोन दांड्यांवर अठरा मावतात, तेव्हा जागेची ओढाताण नाही. दांडी जाळीपासून निदान दहा इंच आत हवी. तळ जाळीचा असेल आणि दांड्या नसतील तर कोंबड्या जाळीवरच बसून झोपतात आणि खालून पायाची बोटं तोडली जातात. सकाळी लंगडणारी, बोट तुटलेली कोंबडी दिसली तर आधी खुराड्याच्या खाली वाकून बघा.

अंडी घालायला एक फूट बाय एक फूट बाय एक फुटाचा खोका चार-पाच कोंबड्यांमागं एक पुरतो. अंडी दुपारपर्यंत उचलावीत आणि दाण्याची भांडी संध्याकाळी काढून घ्यावीत. सांडलेला मका उंदरांना बोलावतो. घुशी तर बिळं पोखरून ठेवतात आणि पुढं त्याच बिळांत साप आणि मुंगूस आसरा घेतात.

कोण येऊन गेलं?

खुराडं बदलण्याआधी हे ओळखता आलं पाहिजे, नाहीतर पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होतात.

मुंगूस दिवसा फिरतं, म्हणून रात्री दार कितीही घट्ट लावलं तरी त्याचा उपयोग होत नाही. भर दुपारी मानेच्या मागं किंवा डोक्याला बारीक खोल चावे, डोकं खाल्लेलं, बाकीचं अंग जवळपास शाबूत, शेजारी आणखी एक-दोन तशाच पडलेल्या : हे काम बहुधा मुंगसाचं. कोल्हा आणि खोकड अंधार पडताना किंवा उजाडताना येतात आणि कोंबडी उचलून नेतात. मागं पिसांचा एक पुंजका आणि उसाच्या सरीकडं किंवा ओढ्याकडं गेलेली पिसांची रेघ राहते. रानमांजरही असंच नेतं, पण पिसं कमी सांडतं. भटक्या कुत्र्यांनी केलेला घात सर्वांत मोठा दिसतो. बऱ्याच कोंबड्या मारलेल्या, चिरडलेल्या, पण खाल्लेल्या फारशा नाहीत. उदमांजर रात्री येतं आणि चढण्यात पटाईत असतं, म्हणून छपराची फट त्याच्यासाठी उघडं दारच. अंडी गायब, एखादं पिल्लू गायब आणि एकही पीस पडलेलं नाही, तर सापाचा संशय घ्या. उघड्यावर दिवसा पिलं नाहीशी होत असतील तर घार, शिक्रा किंवा कावळा.

आणि जखमेची एकही खूण नसताना कोंबड्या पटापट मेल्या तर जाळी बघत बसू नका. तो राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

दिवसाचं आवार

खुराडं रात्रीपुरतं. दिवसा कोंबड्या मोकळ्या सोडल्या की मुंगूस आणि कुत्र्यांपुढं त्याचा काही उपयोग नाही. काही विक्रेते सोबत आवाराचे सुटे पॅनल देतात, पण त्यांत जमिनीखालचा विचार अजिबात नसतो. इथं माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

कोल्हा आणि कुत्रं कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतं. दोन फूट मागं सरून तिथून भुयार काढण्याची त्याची रीत नाही. म्हणून पॅनलच्या खालच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद वेल्डमेशची पट्टी जमिनीवर सपाट अंथरायची. उकरायला गेलं की नखं जाळीवर अडतात. बारा बाय दहा फुटांच्या आवाराचा घेर ४४ फूट, चार कोपऱ्यांचे दीड-दीड फूट मिळवून ५० फूट पट्टी लागते. तीन फूट रुंदीची जाळी २५ फूट आणून मधोमध लांबीनं कापली की बरोबर तेवढी होते. कोपऱ्यात दोन पट्ट्यांमध्ये फट राहता कामा नये. कुंपणाच्या जाळीला ती दर चार इंचांवर जाड तारेनं शिवा, बाहेरची कड काटकोनात वाकवलेल्या सळीच्या खिळ्यांनी जमिनीत ठोका, वर दोन इंच माती पसरा. एका पावसाळ्यात गवत त्यात गुंतून बसतं आणि मग ती हलत नाही.

नदीकाठच्या काळ्या रानात आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि पट्टीखालूनही वाट होते. अशा जागी पॅनलखाली जांभ्याच्या चिऱ्यांचा किंवा विटांचा एक थर मातीत अर्धा बुडवून घ्या आणि मार्चपासून भेगा मुरुमानं बुजवत राहा.

पॅनल पाच फूट उंच हवेत. त्याच्या वर आणखी एक फूट जाळी बाहेरच्या बाजूला वाकवून मोकळी सोडा. चढणाऱ्याचं वजन आलं की ती डुलते आणि पकड मिळत नाही. वरून नायलॉनचं जाळं घार आणि कावळ्यापुरतं चांगलं. बाजूंना मात्र नायलॉन नको, कुत्रं ते सहज फाडतं. खुडूक बसून उठलेली कोंबडी आणि तिची पिलं या आवारातच ठेवा. डालग्याखाली ठेवणार असाल तर वर जड दगड हवाच, रिकामं डालगं कुत्र्याच्या नाकानंही उलटतं.

झटका मशीन आणि दिवे

रानडुकरांसाठी शेतात लावतात ते सोलरवरचं झटका मशीन आवारालाही चालतं, आणि कोल्हा-कुत्र्यांसाठी त्याचा उपयोग खरोखर होतो. कुंपणापासून आठ इंच बाहेर दोन तारा ओढा, पहिली जमिनीपासून सहा इंचांवर, दुसरी चौदा इंचांवर. तार नाकाला लागली पाहिजे, अंगावरच्या केसांतून झटका नीट बसत नाही. न चालण्याची दोन कारणं नेहमीची : गवत तारेला टेकणं आणि अर्थिंग कमजोर असणं. अर्थिंगची सळी निदान तीन फूट खोल, ओलसर जागी ठोका. उन्हाळ्यात तिथं पाणी घाला. तार कधीही थेट घरच्या विजेला जोडू नका. त्यानं माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे.

लाल उघडझाप करणारे सोलर दिवे स्वस्त आहेत, पण जनावर त्यांना सरावतं. दर चार-पाच दिवसांनी जागा आणि उंची बदलली तर थोडा काळ उपयोग होतो. त्यांच्या भरवशावर जाळीचा खर्च वाचवू नका.

कधी जास्त सांभाळायचं

ऊसतोड सुरू झाली की उसात दडलेली जनावरं बाहेर पडतात. फड रिकामा झाला की कोल्हा, रानमांजर, मुंगूस बांधावरून, पाणंदीनं वस्तीकडं सरकतात. साखर कारखान्यांचा हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो, त्यामुळं खुराड्याची सगळी कामं दिवाळीआधी उरका. शेजारच्या रानात टोळी उतरली की पुढचा आठवडाभर कोंबड्या उशिरा सोडा आणि लवकर कोंडा.

दुसरी वेळ पुराची. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या गावांनी पाणी पाहिलंच आहे. पाणी चढलं की साप आणि उंदीर उंचवट्यावर येतात, आणि तिथंच आपण खुराडं हलवलेलं असतं. पायांचं खुराडं इथं कामाला येतं. पाईप फार जाड नसेल तर चार माणसं ते उचलून नेतात. म्हणून २५ बाय २५ मि.मी.चा, १.६ मि.मी. जाडीचा पाईप पुरेसा आहे. मीटरला साधारण १.२ किलो भरतो. याहून जड घेऊन मजबुतीत फार फरक पडत नाही, पण उचलणं अवघड होतं. किंमत सांगणाऱ्याला आधी वजन, पाईपची जाडी आणि जाळीचं गेज विचारा. हे तीन आकडे जो लगेच सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

कितीही राग आला तरी विष घातलेलं मांस टाकू नका, फास लावू नका. कोल्हा, खोकड, रानमांजर, मुंगूस या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. शिवाय विषारी मांस आधी गावातलं कुत्रं आणि घार खाते आणि कोल्हा राहतो बाजूला. याच जनावरांमुळं रानातले उंदीर आटोक्यात राहतात. पश्चिमेकडच्या तालुक्यांत बिबट्याच्या खुणा दिसल्या तर या खुराड्यावर विसंबू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

तयार नग घेऊन दुरुस्त करायचा की ऑर्डर देऊन करून घ्यायचा? दुकानदार जाळीशिवाय नग द्यायला तयार असेल तर तोच घ्या, वेल्डमेश आपली आपण आणून त्याच्याकडूनच लावून घ्या. तयार नसेल तर ऑर्डरच द्या आणि कागदावर लिहून द्या : बाहेरून वेल्डमेश, खाली अर्धा इंच, वर एक इंच, पट्टी आणि दर सहा इंचांवर स्क्रू, तीन बिजागऱ्या, दाराला आतून ओठ, खिडकीलाही कडी-कोयंडा, पत्रा एक फूट बाहेर, पन्हळीखाली जाळीची पट्टी. माल ताब्यात घेताना दहा रुपयांचं नाणं बरोबर न्या आणि उरलेले पैसे फटी तपासून झाल्यावरच द्या.